चार रबरी बुचं

टो हिच म्हणजे काय, हे मला माझ्या आईला शेवटपर्यंत नीट समजावता आलं नाही. "माझा लेक गाड्यांना शेपट्या लावतो," असं ती शेजारणींना सांगायची. तसं ते फार चुकीचंही नव्हतं. मोटारीच्या मागच्या बंपरच्या आत, चासीच्या दोन टोकांना एक जाड आडवा पाइप बोल्टांनी आवळून बसवतात. त्याच्या मधोमध एक चौकोनी नळी असते. त्या नळीत सायकलचा स्टँड सरकवायचा, खिट्टी मारायची, की दोन सायकली गाडीच्या पाठीवर बसून हवं तिथे जातात. आपल्याकडे हे काम करणारे थोडे. पिरंगुटजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मी ते सतरा वर्षं केलं आणि यंदा शेड बंद केली.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची आली. मुळशीच्या धरणात होडी सोडायची म्हणून एक जण होडी घ्यायच्या आधीच हिच बसवून गेला, होडी अजून यायची आहे. बावधनच्या एका गृहस्थांनी हिच बसवून तिला कधीच काही लावलं नाही. "पार्किंगमध्ये मागचा माणूस हातभर लांब राहतो हो सर," हे त्यांचं कारण. एका बाईंनी विचारलं, की यावर कुत्र्याचा पिंजरा बसेल का. मी नाही म्हणालो, तेव्हा कुत्र्याने माझ्याकडे फार कृतज्ञतेने पाहिलं असं हसनचाचा अजून सांगतात.

हसनचाचा म्हणजे माझे वेल्डर. पौडच्या बाजारपेठेतले, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, शाळा चौथीपर्यंत. मला ते 'सायेब' म्हणायचे, पण त्या शब्दात आदर किती आणि चेष्टा किती हे दिवसावर अवलंबून असे. त्यांची एक पद्धत होती. गाडी आत आली की गिऱ्हाइकाचं बोलणं पुरं व्हायच्या आत ते जमिनीवर गोणपाट टाकून गाडीखाली जायचे. खालूनच त्यांचा आवाज यायचा, "हितं जागा हाय, तितं न्हाई." मग मी मापं घेऊन आकडेमोड करायचो, आणि बहुतेक वेळा आकडे तेच सांगायचे.

माझी पद्धत वेगळी होती, आणि ती कुठून आली हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझे वडील पौडला भाताच्या गिरणीत पोती उचलायचे. सही म्हणजे अंगठा. दहावीनंतर माझ्या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला लागला, तेव्हा ते तीन दिवस मजुरी बुडवून तहसील कचेरीच्या व्हरांड्यात बसले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शिक्का बसला. तो कागद त्यांनी सदऱ्याच्या आत, छातीला लावून आणला. त्या कागदावर मी डिप्लोमा केला, मग डिग्री. आमच्या घराण्यातला पहिला इंजिनीअर. माझ्या हेडमास्तरांचे, त्या अनोळखी कारकुनाचे आणि वडिलांच्या बुडालेल्या तीन दिवसांचे उपकार मी विसरलेलो नाही. पण त्यातून एक समज माझ्या हाडात बसली, की शिक्का असलेला कागद हातात आला म्हणजेच गोष्ट खरी होते.

त्यात शेडच्या तिसऱ्या वर्षी एक प्रसंग घडला. मी बसवलेल्या एका स्टँडची खिट्टी पिरंगुटच्या घाटात निसटली, सायकल रस्त्यावर पडली आणि मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराचं गळ्याजवळचं हाड मोडलं. तो बरा झाला. मी मात्र त्या दिवसापासून गाडीच्या कंपनीचं लेखी पत्र किंवा छापील नकाशा असल्याशिवाय पान्याला हात लावेनासा झालो. चाचांनाही नियम घातला. त्यांना तो आवडला नाही, पण त्यांनी तो पाळला.

एका फेब्रुवारीत वानखेडे पती-पत्नी आले. नितीन आणि वैशाली. मूळचे यवतमाळकडचे, नोकरीसाठी हिंजवडीत आलेले, राहायला जांबे गावात भाड्याने. गाडी इलेक्ट्रिक, नवी कोरी. गाडी आत आली तेव्हा इतकी गुपचूप आली, की चाचा दचकून म्हणाले, "ही मांजर हाय का मोटार?"

नितीनने काम सांगितलं. दोन सायकली न्यायच्या आहेत, दर रविवारी, धरणाच्या मागच्या बाजूच्या रस्त्यावर. छत सगळं काचेचं, त्यामुळे वर स्टँड बसत नाही. मागचं दार प्लास्टिकचं, त्याला पट्ट्यांचे आकडे अडकत नाहीत. हिच हाच मार्ग, आणि या गाडीला ती बसवायला कुणी तयार नाही. सहा ठिकाणी विचारून झालं होतं. गाडी विकणाऱ्याने तर सांगितलं होतं, की हात लावाल तर वॉरंटी गेली.

"मग टेम्पोने का नेत नाही?" मी विचारलं.

उत्तर वैशालीताईंनी दिलं. "टेम्पोवाला सकाळी सहाला येत नाही सर. आणि आठनंतर माझा उपयोग नाही."

त्यांना डोळ्यांच्या पडद्याचा आजार होता. नजर कडेकडून मिटत आत येते. "पाइपातून बघितल्यासारखं दिसते मला," त्या म्हणाल्या. "पाइप आता एवढा राहिला." त्यांनी अंगठा आणि पहिलं बोट जोडून दाखवलं. लहानपणी शाळेला सात किलोमीटर सायकलने जायच्या. जांब्यात दाराबाहेर डंपर आणि कंपन्यांच्या कॅब. "पाइपात एक टँकर आला की पाइपच भरून जाते. मग मी सायकल धरून उभी." सकाळचं उजेडलेलं पण ऊन न चढलेलं आभाळ, रिकामा रस्ता आणि पुढे नितीनचं नारिंगी जाकीट, एवढं असलं तर त्या अजून चालवू शकत होत्या. त्यांनी एकदा सायकली धरणाकडच्या एका हॉटेलात ठेवूनही पाहिल्या होत्या. पुढच्या रविवारी एकीची सीट नव्हती आणि दुसरीचं चाक वाकलं होतं.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"म्हणतात वर्ष जाईल, कदाचित नाही जाणार," त्या म्हणाल्या. "माझी घाई आहे सर. धरण एकदा दिसलं पाहिजे सायकलवरून. कारमधून काय, फोटोतही दिसते."

चाचा तोवर गोणपाट घेऊन उभे होते. "सायेब, आत घुसून बघतो."

"थांबा चाचा."

"नुसतं बघतो हो. बघायला काय करंट लागतोय?"

"खाली पूर्ण बॅटरी आहे. चारशे व्होल्ट. कंपनीचा नकाशा आल्याशिवाय या गाडीखाली कुणी जायचं नाही."

चाचांनी गोणपाटाची घडी घातली. मला वाटलं मी जबाबदार माणसासारखं वागलो. इलेक्ट्रिक गाडीच्या जमिनीत बॅटरीची एक लांबरुंद पेटी असते आणि तिला चुकून ड्रिल लागलं तर काय होतं याची चित्रं मी पाहिली होती. भीती खोटी नव्हती. पण ड्रिल कुणी मागितलं नव्हतं. चाचांनी नुसतं बघू का विचारलं होतं.

मी नितीनला म्हणालो, "कंपनीला रीतसर पत्र लिहितो. उत्तर आलं की आठ दिवसांत बसवून देतो."

पत्र मी फार मन लावून लिहिलं. मॉडेल, वजन, दोन सायकलींचा भार तीस किलो, कोणत्या ठिकाणी जोडणी करता येईल याची विचारणा. उत्तर आलं, 'आपली विनंती संबंधित विभागाकडे पाठवण्यात आली आहे.' मला आनंद झाला. ती ओळ मी छापून फाइलला लावली. मार्चमध्ये स्मरणपत्र. एप्रिलमध्ये त्यांनी गाडीचे कागद मागवले, मी नितीनकडून घेऊन पाठवले. मे महिन्यात संबंधित अधिकारी बदलले आणि मी सगळं नव्याने पाठवलं.

नितीन दर पंधरा दिवसांनी फोन करायचा. "काही आलं का जी?" आवाज नेहमी नरम. एकदा वैशालीताईंनीच फोन घेतला. "सर, तुमच्या त्या विभागाला सांगा, मी पण एक विभाग आहे. माझा बंद व्हायला आलाय." आणि हसल्या. मीही हसलो आणि चौथं स्मरणपत्र लिहिलं.

चाचा एकदा जेवताना बोलले. "सायेब, तुमी लई शिकलात. पण त्या पोरीचं डोळं कागदाची वाट बघत थांबत्यात व्हय?"

"चाचा, काही झालं तर जबाबदार कोण?"

"आन न्हाई झालं तर कोन?"

मी त्यांना नियम पुन्हा समजावला. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि विषय सोडला.

पावसाळा लागला. मुळशीचा पाऊस, तीन महिने सायकलचा प्रश्नच नव्हता. गणपती बसले त्या आठवड्यात कंपनीचं पत्र आलं. 'सदर मॉडेलसाठी अशी जोडणी येथे उपलब्ध करून देण्यात आलेली नाही.' एक ओळ, खाली नाव आणि हुद्दा. मी नितीनला फोन करून वाचून दाखवलं. तो म्हणाला, "ठीक आहे सर. तुम्ही प्रयत्न केला." मी फाइल बंद करून कपाटात ठेवली.

त्यानंतर बारा-पंधरा दिवसांनी तो अचानक शेडवर आला. हिंजवडीच्या सिग्नलला मागून कुणीतरी ठोकलं होतं, बंपर एका बाजूने लोंबत होता. शोरूमला पाठवेपर्यंत तात्पुरता बांधून द्या म्हणाला. बंपर म्हणजे प्लास्टिकचं कवच, त्याचा विजेशी संबंध नाही. चाचांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. त्यांनी खालच्या चार क्लिपा सोडवल्या, कवच बाजूला धरलं आणि तसेच वाकून राहिले.

"सायेब, हिकडं या."

मी गेलो. चासीच्या डाव्या टोकाला दोन आणि उजव्या टोकाला दोन अशी चार काळी रबरी बुचं होती, आठ आण्याच्या नाण्याएवढी. चाचांनी नखाने एक बूच उचकटलं. आत भोक होतं, आटे पाडलेलं, कारखान्यात पाडलेलं, आजवर एकही बोल्ट न पाहिलेलं. बॅटरीची पेटी तिथून हातभर पुढे संपत होती. हीच गाडी परदेशी जाते आणि तिथे तिला हिच लागते. म्हणून कारखान्याने प्रत्येकच गाडीला भोकं पाडून ठेवली होती आणि आपल्याकडे येताना त्यांना बुचं लावली होती. पत्रात लिहिलं होतं ते खरंच होतं, जोडणी येथे उपलब्ध नव्हती. जोडणीची जागा होती की नाही, हे त्यांनी लिहिलं नव्हतं आणि मी पाहिलं नव्हतं.

मी जमिनीवर आडवा झालो. मोबाइलचा दिवा लावला. बंपर न काढता, नुसतं पडून वर पाहिलं असतं तरी चारही बुचं दिसली असती.

नितीन वरून विचारत होता, "काय झालं सर? काही जास्त तुटलं का?"

"हिच बसेल," मी म्हणालो.

त्याला आधी खरंच वाटलं नाही. मग तो लहान मुलासारखा हसायला लागला. "बरं झालं ठोकलं त्यानं! बंपर निघाला म्हणून सापडलं, हो ना सर?"

चाचा माझ्याकडे बघत होते.

"हो," मी म्हणालो.

पाच दिवसांत हिच तयार झाली. चाचांनी ते वेल्डिंग असं केलं, की मणी ओवल्यासारखा सांधा होता. मी तिला नव्वद किलोची वाळूची पोती टांगून दोन दिवस ठेवली. सायकलींमागे नंबर प्लेट झाकली जाते, म्हणून स्टँडवर वेगळी प्लेट आणि दिवा बसवला. माझ्या हातून झालेल्या कामांत सगळ्यात चोख काम ते असावं. त्याचा अभिमान वाटायला हवा होता.

पहिल्या रविवारी मी स्कूटरवरून त्यांच्या मागे गेलो, स्टँड हलतो का ते बघायला. तसूभरही हलला नाही. धरणाच्या मागे रस्त्याला कुणी नव्हतं. कडेला भात पोटरीला आलेलं, डाव्या हाताला पाणी. नितीनने सायकली उतरवल्या, नारिंगी जाकीट घातलं आणि पुढे झाला. वैशालीताई सीटवर बसल्या. त्यांचे हात हँडलवर सराईत पडले, पाय सराईत फिरले. मी हेल्मेट काढून बघत राहिलो.

पन्नास-साठ पावलांवर पहिलं वळण होतं. तिथे त्या डावीकडे जाऊ लागल्या, गवतात चाक गेलं आणि त्यांनी पाय टेकला. पडल्या नाहीत.

"नितीन, तू कुठं आहेस?"

तो दहा हातांवर होता. "इथेच तर आहे. समोर."

त्यांनी मान डावीकडे केली, उजवीकडे केली, माणूस अंधाऱ्या खोलीत बटण चाचपतो तशी. "नाही सापडत," त्या म्हणाल्या. "फेब्रुवारीत तू पूर्ण दिसत होतास. डोक्यापासून चाकापर्यंत."

"घंटी वाजवत जातो. आवाजाच्या मागे ये."

तशा त्या अजून थोडं गेल्या. नितीन घंटी वाजवत पुढे आणि त्या मागे. मग उतरल्या, आणि सायकल हाताने धरून पाण्याच्या कडेपर्यंत चालत गेल्या. त्यांनी विचारलं, "धरण कोणत्या बाजूला आहे?" नितीनने त्यांचे खांदे धरून त्यांना तिकडे वळवलं. मी स्कूटर चालू केली आणि परत आलो. निरोपही घेतला नाही.

ते आणखी तीनदा गेले, असं नितीनने सांगितलं. जानेवारीत फोन आला, की हिच काढून घ्यायची आहे. सायकली त्याने जांब्यातल्याच कुणाला देऊन टाकल्या होत्या.

दोघं आले. वैशालीताईंच्या हातात आता पांढरी काठी होती. चाचांनी त्यांना स्टुलावर बसवलं, चहा हातात दिला आणि कप हातात नीट गेला की नाही हे बघूनच हात सोडला. मी बोल्ट काढत होतो. चौथा बोल्ट निघाला तेव्हा मला पुढे जाववेना.

"ताई," मी म्हणालो, "ही भोकं बंपर काढल्यामुळे सापडली, असं मी तेव्हा सांगितलं. ते खोटं होतं. बंपर असतानाही ती दिसत होती. नुसतं खाली पडून बघायला पाहिजे होतं. तुम्ही पहिल्यांदा आलात त्या दिवशी चाचा बघतो म्हणाले होते, मीच त्यांना अडवलं. त्याच दिवशी बघितलं असतं तर मार्चमध्ये तुम्ही सायकलवर असता."

नितीन हातातल्या किल्लीकडे बघत राहिला. चाचांनी नजर खाली घातली होती. जणू चूक त्यांची होती.

वैशालीताईंनी कप खाली ठेवायला जागा चाचपली. मग उठल्या. "कुठं आहेत? दाखवा."

मी त्यांचा हात धरून गाडीच्या मागे नेलं. त्या उकिडव्या बसल्या. मी त्यांचं बोट पहिल्या भोकावर टेकवलं. त्यांनी ते आत घातलं, पहिल्या पेरापर्यंत, आणि हळूहळू फिरवलं.

"आटे आहेत," त्या म्हणाल्या.

"हो."

त्यांनी स्वतःच चाचपत दुसरं शोधलं. मग हात लांब करून पलीकडची दोन. चारही मोजून झाली.

"एवढंच होतं?"

"एवढंच."

त्या तशाच बसून राहिल्या. मी माफी मागण्यासाठी तोंड उघडलं, पण त्यांनी हात वर केला आणि मी थांबलो. आजही मला वाटतं, तो हात मला नव्हता. त्या काहीतरी ऐकत होत्या, किंवा आठवत होत्या. मग उठल्या. चाचांनी त्यांच्या बोटांना लागलेलं काळं ग्रीस पुसायला स्वच्छ फडकं पुढे केलं.

"बुचं ठेवलीत का ती?" त्यांनी बोटं पुसत विचारलं.

"आहेत."

"मग लावा. पावसाचं पाणी जाईल आत, गंजेल."

मी खाली आडवा झालो आणि एकेक बूच अंगठ्याने दाबून बसवलं. वर त्या काठी टेकून उभ्या होत्या. चौथं बसेपर्यंत त्या हलल्या नाहीत.